कौल कशाचा मागावा?

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातील मतदारांपुढे दोन चिन्हे ठेवण्यात आली होती : एक फूल आणि दुसरे दोन पाने. फुलाला मत देणारा सांगत होता की गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा; दोन पानांना मत देणारा सांगत होता की गोवा केंद्रशासित प्रदेश म्हणून निराळा राहावा. एकूण ३,१७,६३३ मते पडली. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ अशी मोजणी झाली व ३४,०२१ मतांच्या फरकाने प्रश्न निकालात निघाला. संघराज्यात अगोदरच समाविष्ट असलेल्या एखाद्या प्रदेशाने कोणत्या राज्यात राहावे अथवा राहू नये, हे खुद्द तेथील रहिवाशांना मतपेटीच्या द्वारे विचारले गेल्याचे आपल्या देशातील हे एकच उदाहरण होय. पुढे कितीतरी राज्ये जन्मास आली. मी ज्या छत्तीसगढात राहतो ते १ नोव्हेंबर २००० रोजी जन्मास आले. पण ते संसदेच्या कायद्याने. उतईच्या कोणाही शेतकऱ्याच्या हाती त्यासाठी मतपत्रिका आली नव्हती. घटनेच्या तिसऱ्या कलमात तशी अपेक्षाच नाही. तेथे राज्याच्या विधिमंडळाचे मत मागविले की पुरे होते.

मग गोव्यालाच का विचारले? आणि विचारले ते योग्य झाले काय? या एका उदाहरणाचा नीट विचार केला तर, कोणता प्रश्न थेट लोकांपुढे ठेवावा आणि कोणता ठेवू नये, या मोठ्या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर हाती लागते असे मला वाटते. हल्ली कोणताही वाद विकोपास गेला की, ‘एकदा जनमत घ्या म्हणजे झाले’ असे कोणीतरी म्हणतोच. मंडळीच्या वार्षिक सभेतही हा सूर निघतो. त्यामागे न्यायबुद्धी असते हे मान्य. परंतु हत्यार चांगले असले तरी ते कोणत्या कामाचे आहे हे पाहावे लागते.

आधी शब्दाविषयी थोडेसे; भाषांतरकाराची ही खोड वाचकांनी सोसून घ्यावी. मराठीत यासाठी ‘सार्वमत’ हा शब्द रूढ आहे. गोव्यात मात्र ‘जनमत कौल’ हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी बसला. ‘कौल’ हा मूळचा अरबी शब्द. दिलेले वचन, अभय, असा त्याचा अर्थ. जुन्या राजवटीत ओसाड पडलेला गाव वसविण्यासाठी रयतेला कौल दिला जाई, म्हणजे सारा अमुक इतकाच घेऊ असे वचन सरकारकडून मिळे. कोकण-गोव्यातील देवळांत मूर्तीला पाकळ्या लावून देवाचा कौल घेतात. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. या दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. जो कौल देतो अथवा मागतो तो त्याने बांधला जातो. देवाला विचारायचे आणि पाकळी मनासारखी पडली नाही म्हणून पुन्हा लावायची, याला कोणी कौल म्हणत नाही. मत अजमावणे आणि कौल मागणे यांत हा भेद आहे, आणि तो सरकारांनी अनेकदा मुद्दाम पुसट ठेवला आहे. गोव्याच्या कायद्याचे नाव केवळ मत अजमावण्याचे होते, तरी निकाल केंद्राने निर्णायक मानला, हे त्या प्रसंगाचे पहिले श्रेय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. डिसेंबर १९६३ मध्ये गोवा, दमण व दीव यांच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली. दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. विलीनीकरण हे त्या पक्षाचे उघड ध्येय होते. डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधात बसला. तेव्हा मगो पक्षाचा युक्तिवाद सरळ होता : लोकांनी आम्हांला निवडून दिले आहे, आमचे ध्येय त्यांना ठाऊक होते, तेव्हा सभागृहातील बहुमत हेच लोकमत. प्रातिनिधिक लोकशाहीत एरवी हा युक्तिवाद बिनतोड समजला पाहिजे. पाणी, रस्ते, शाळा, करआकारणी यांसाठी आपण प्रतिनिधी निवडतो ते यासाठीच की, त्यांनी आपल्या वतीने बसून विचार करावा.

परंतु पुढे काय घडले ते पाहावे. जानेवारी १९६७ मध्ये मतदारांनी विलीनीकरण नाकारले. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या विधानसभेच्या निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्तेवर बसविले. अवघ्या अडीच महिन्यांच्या अंतराने! याचा अर्थ गोमंतकीय मतदार चंचल होता असा मुळीच नाही. तो अतिशय नेमका होता. बहुजन समाजातील कुळांना भाटकारांच्या जाचापासून संरक्षण हवे होते, मुलांसाठी गावात शाळा हवी होती, पोर्तुगीज अमदानीत ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांना आपला माणूस गादीवर हवा होता. यासाठी त्यांतील अनेकांना बांदोडकर हवे होते. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही, हा त्यांच्या दृष्टीने वेगळा प्रश्न होता. दोन्ही प्रश्न एकाच मतपत्रिकेवर बांधून दिले असते, तर एकाचे उत्तर दुसऱ्याच्या नावाने खपले असते.

मला येथे मुखत्यारपत्राची आठवण होते. शेताचा कारभार पाहण्यासाठी मी एखाद्याला मुखत्यार नेमला तर तो पीक विकू शकतो, मजूर लावू शकतो, सारा भरू शकतो. शेत विकण्याचा अधिकार मात्र वेगळ्याने लिहून दिल्याखेरीज त्याला मिळत नाही. विधानसभेने स्वतःच नाहीशी होण्याचा ठराव करणे हे दुसऱ्या प्रकारचे काम होते. ज्या चौकटीत प्रतिनिधी निवडला गेला, ती चौकटच मोडावयाची अथवा बदलावयाची असेल, तर तो अधिकार मूळ मालकाकडे परत गेला पाहिजे. आम्ही कोणाबरोबर एक समाज म्हणून राहणार, कोणत्या सभागृहाचे ऐकणार, हा तसा प्रश्न आहे. दारावरच्या पाटीचा रंग कोणता असावा हा तसा प्रश्न नव्हे, आणि अंदाजपत्रकात किती टक्के कर असावा हाही नव्हे. कारण ते पुढच्या निवडणुकीनंतर बदलता येते आणि त्याला शंभर इतर गोष्टींचा हिशेब जोडलेला असतो.

गोव्याच्या कौलाची रीत ज्या रीतीने पार पडली तीही अभ्यासण्याजोगी आहे. मतदान निःपक्ष व्हावे म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीखाली मतदान झाले. प्रश्न विचारणाराच उत्तराचा पक्षकार असेल तर त्याने खुर्चीवरून उठावे, ही गोष्ट आज ऐकावयासही दुर्मिळ वाटेल. दोन्ही बाजूंना बोलण्यास वाव मिळाला. ‘गोमन्तक’ दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते, तर ‘राष्ट्रमत’ विरोधात; आणि गंमत ही की दोन्ही मराठी. मराठी वाचणाऱ्या घरांत ‘तुम्ही वेगळेच राहा’ हे मराठीतूनच पटविणे भाग होते. ‘राष्ट्रमता’तील उदय भेंब्रे यांच्या ‘ब्रह्मास्त्र’ या सदराची आठवण जुने गोमंतकीय अजून काढतात. माझ्यासारख्या मराठीवर पोट असलेल्या माणसाला हे वाचताना थोडे टोचते, पण भाषेचा मोठेपणा यातही आहे की तिच्यातून तिच्याविरुद्धही बोलता येते.

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतून मात्र हा इतिहास काहीसा सोयीस्करपणे सांगितला जातो. ख्रिस्ती लोकांनी गोवा वाचविला, असे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. ख्रिस्ती समाज त्या वेळी लोकसंख्येच्या दोन-पंचमांशांहूनही कमी होता. निम्म्याहून अधिक मते केवळ त्याच्या बळावर मिळणे अशक्य होते. मोठ्या संख्येने हिंदू मतदारांनी दोन पानांना मत दिले म्हणूनच तो निकाल लागला. कोणाला कोकणीचे प्रेम होते, कोणाला नोकऱ्यांची काळजी होती. महाराष्ट्रातील दारूबंदी आपल्याकडे आली तर माडाची सुर काढणाऱ्यांनी काय करावे, ही चिंताही होती. अल्पसंख्याकांना त्या दिवशी जे मिळाले ते शेजाऱ्यांनी निराळा विचार केल्यामुळे मिळाले. हे ध्यानात ठेवले नाही तर सार्वमत हे आपल्या रक्षणाचे साधन आहे अशी चुकीची समजूत होते. त्याविषयी पुढे.

त्या कौलात दोषही होते. मुंबईत व परदेशांत राहणाऱ्या गोमंतकीयांना मताधिकार मिळावा अशी डॉ. सिक्वेरा यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. या बाबतीत मी सरकारच्या बाजूचा आहे. निर्णयाचे ओझे ज्याच्या खांद्यावर रोज पडणार त्यानेच तो घ्यावा. जो गाव सोडून गेला आहे त्याचे गावावरील प्रेम खरे असते. पण प्रेम आणि परिणाम भोगणे या दोन गोष्टी आहेत. मी स्वतः महाराष्ट्राबाहेर राहणारा मराठी माणूस आहे, आणि विदर्भाने काय करावे हे ठरविण्याचा अधिकार मला असावा असे मला वाटत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर. मतपत्रिकेवर दोनच वाटा होत्या : महाराष्ट्र अथवा केंद्रशासित प्रदेश. स्वतंत्र राज्य ही तिसरी वाट तेथे नव्हतीच. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. म्हणजे जी वाट शेवटी सर्वांनी स्वीकारली तिच्यावर १९६७ मध्ये खूण करण्यास जागा नव्हती. असेच, पण कितीतरी अधिक दारुण रीतीने, जुलै १९४७ मध्ये वायव्य सरहद्द प्रांतात घडले. भारत की पाकिस्तान एवढेच विचारले गेले. अब्दुल गफार खानांच्या अनुयायांना पख्तुनांचे वेगळे राष्ट्र ही तिसरी वाट हवी होती. ती नाकारली गेल्यावर त्यांनी बहिष्कार घातला. पाकिस्तानच्या बाजूने २,८९,२४४ आणि भारताच्या बाजूने २,८७४ मते पडली. आकडे पाहिले तर एकमुखी निर्णय दिसतो. पण जवळजवळ निम्मे मतदार घराबाहेर पडलेच नव्हते. ज्याच्या हाती प्रश्न लिहिण्याची लेखणी असते त्याच्या हाती अर्धे उत्तर असते.

हा मुद्दा मला माझ्या कामामुळे विशेष जाणवतो. एका भाषेतील वाक्य दुसऱ्या भाषेत नेताना वारंवार दिसते की, एका वाक्यात दोन विधाने गुंफलेली असतात आणि ऐकणारा दोहोंना मिळून एकच होकार देतो. १४ एप्रिल १९७५ रोजी सिक्कीममध्ये असेच दोन प्रश्न एकात गुंफले गेले : चोग्यालांचे राजपद नष्ट व्हावे, आणि सिक्कीम भारताचा घटक व्हावा. ५९,६३७ मते बाजूने आणि १,४९६ विरोधात पडली. ज्याला राजा नको होता पण विलीनीकरणही नको होते, त्याने कोठे खूण करावी? संख्या प्रचंड असली म्हणजे प्रश्न शुद्ध होता असे सिद्ध होत नाही. ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ रोजी उलट प्रकार घडला. तेथे युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे असा वरवर सुटसुटीत प्रश्न विचारला गेला. ५१.९ टक्के लोक बाहेर पडा म्हणाले. पण बाहेर पडणे म्हणजे नेमके काय, व्यापाराचे काय, आयर्लंडच्या सीमेचे काय, हे कोणी लिहून दिलेच नव्हते. ‘राहणे’ ठाऊक असलेली वस्तू होती, ‘बाहेर’ हा मोकळा शब्द होता, आणि ज्याने त्याने त्यात आपापला अर्थ भरला. त्या अर्थांची सांगड घालता घालता साडेतीन वर्षे गेली. याच्या शेजारी मे १९९८ मधील उत्तर आयर्लंडचे सार्वमत ठेवून पाहावे. तेथे करार अगोदर झाला, त्याची संपूर्ण प्रत घरोघरी पोहोचविण्यात आली आणि मग विचारले गेले की हा करार तुम्हांला मान्य आहे काय. ७१ टक्क्यांनी होकार दिला. आधी वाटाघाट, आधी मसुदा, नंतर कौल. हा क्रम मला योग्य वाटतो.

हाच क्रम शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. इस्राएलाचे वडील राजा मागावयास येतात. शमुवेलाला ती मागणी आवडत नाही. तरी लोकांचे म्हणणे ऐकावे अशी त्याला आज्ञा होते. पण त्यापूर्वी राजाची रीत त्यांना स्पष्ट सांगावी अशीही आज्ञा होते. मग तो मुलगे, मुली, शेते, द्राक्षमळे, गुलामी असा सगळा हिशेब मांडतो. लोक ऐकून घेतात आणि तरीही राजाच मागतात. त्या निवडीविषयी शास्त्रकर्त्याचे मत काहीही असो, ती फसवून घेतलेली निवड नव्हती. चुकण्याचा अधिकार लोकांना असू शकतो. त्यांना अंधारात ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

सामान्य माणसाला या गोष्टी समजत नाहीत, हा आक्षेप मी फारसा मनावर घेत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची ग्रामसभा आपले निर्णय बहुमताने घेत नाही, सर्वसंमतीने घेते. आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत ते होते. निर्णयास वेळ लागतो, लोक पुन्हा पुन्हा बसतात. समज ही पदवीवर अवलंबून नसून बसण्यावर अवलंबून आहे, हे तेथे दिसते. लाखो लोकांच्या सार्वमतात असे बसणे होत नाही. म्हणून त्याची भरपाई मुदत, माहिती आणि मोकळी चर्चा यांनी करावी लागते. घाईने घेतलेले सार्वमत ही मला केवळ मोठ्या आकाराची आरोळी वाटते.

आरोळीवरून पिलाताचा चौथरा आठवणे अपरिहार्य आहे. बरब्बा की येशू, असे त्याने जमावाला विचारले. त्या प्रसंगाचा उपयोग करून लोकमताची एकंदरीत निर्भर्त्सना करण्याची पद्धत आपल्या व्यासपीठांवर आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते. मुख्य याजकांनी लोकसमुदायाला चिथविले, असे मार्क स्पष्ट लिहितो. पण खरा दोष त्याहून मागे आहे. आरोपी निर्दोष आहे हे पिलाताला कळले होते. निवाडा करणे हे त्याचे काम होते. ते त्याने जमावावर ढकलले. एखादा मनुष्य दोषी आहे की निर्दोष, ही लोकांच्या इच्छेची बाब नव्हेच. भाषांतर समितीत एखाद्या शब्दाचे शुद्धलेखन आम्ही मत घेऊन ठरवू शकतो. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ काय हे मत घेऊन ठरविता येत नाही; तेथे पुरावा पाहावा लागतो आणि एकटा सदस्य बाकीच्या नवांपेक्षा बरोबर असू शकतो. जेथे प्रश्न ‘काय खरे आहे’ असा असतो तेथे मतपेटी मुकी होते. ‘आम्हांला काय हवे आणि त्याचे ओझे आम्ही उचलू काय’ असा प्रश्न असेल तेथेच ती बोलू शकते.

आणि ‘आम्हांला’ या शब्दातच सर्वांत मोठी अडचण आहे. २०१३ मध्ये ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावी की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ग्रामसभांपुढे गेला. रायगडा व कालाहांडी जिल्ह्यांतील बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही ठिकाणी नकार मिळाला. डोंगरिया कोंधांच्या दृष्टीने तो डोंगर नियम राजाचे स्थान आहे. माझा देव निराळा असला तरी ती बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला होता. मग २०१४ मध्ये आमच्याच राज्यात, बस्तरमधील काही ग्रामसभांनी ठराव केले की, हिंदू धर्माखेरीज अन्य धर्माच्या प्रचारकांनी गावात येऊ नये, प्रचार वा प्रार्थना करू नये. तीच ग्रामसभा, तसाच हात वर करून घेतलेला निर्णय. पहिल्याला आपण लोकशाहीचा विजय म्हणावे आणि दुसऱ्याला जुलूम म्हणावे, हे केवळ आपल्या सोयीचे तर नाही ना?

हा प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात वागविला आहे. ‘धर्म हा ग्रामसभेचा विषयच नव्हे’ असे म्हणून सुटका होत नाही. नियमगिरीत धर्माचाच प्रश्न होता. बस्तरचा गावकरी असेही म्हणेल की, गावदेवाची जत्रा, पीक, रोगराई, वर्गणी हे सर्व गावाचे एक आहे. एक घर बाहेर पडले तर सगळ्यांचे बिघडते. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तरी मला एक फरक दिसतो. डोंगर सर्वांचा मिळून एक होता. तो अर्धा खोदून अर्धा राखता येत नव्हता. म्हणून निर्णयही एकच घ्यावा लागला, आणि त्या निर्णयाने तेथील कोणा शेजाऱ्याची पूजा बंद पडली नाही. बस्तरमध्ये ज्यांना बंदी झाली ते केवळ बाहेरून येणारे नव्हते. गावातलेच दोन-चार उंबरे प्रार्थनेला मुकणार होते, आणि ते मतदानात हरणार हे हात वर होण्यापूर्वीच ठरलेले होते. ज्या मतदानात हरणारा कोण हे प्रश्नाच्या शब्दांतच लिहिलेले असते, ते मतदान नावापुरतेच. स्वित्झर्लंडसारख्या देशात, जेथे सार्वमताची परंपरा सर्वांत जुनी व सर्वांत प्रामाणिक आहे, तेथेही २९ नोव्हेंबर २००९ रोजी ५७.५ टक्के लोकांनी नव्या मिनारांवर बंदी घातली. त्या वेळी सबंध देशात मिनार होते चार. त्याच देशातील पुरुषांनी १९५९ मध्ये स्त्रियांना मताधिकार नाकारला होता. तो १९७१ मध्ये मिळाला. ज्याला मत नाही त्याला मत द्यावे की नाही, हे मत असणाऱ्यांनीच बारा वर्षे ठरवीत बसावे, यातील विसंगती त्या सुशिक्षित समाजालाही चटकन दिसली नाही.

शखेमात यहोशवाने लोकांना जमवून कोणाची सेवा करणार ते निवडा असे सांगितले. हे वचन आपल्याकडे भिंतीवर टांगलेले असते, पण त्याची रचना क्वचितच कोणी पाहतो. तो लोकांपुढे निवड ठेवतो आणि त्याच दमात आपल्या घराण्याचा निर्णय सांगून टाकतो. तो निर्णय लोकांच्या उत्तरावर अवलंबून ठेवीत नाही. बहुमत दुसरीकडे गेले असते तरी यहोशवाचे घर जेथे होते तेथेच राहिले असते. अंतःकरणाचा विषय असा असतो. तो कौलास लावता येत नाही. बहुसंख्य आपण असलो तरीही नाही. ईशान्येकडील काही राज्यांत ख्रिस्ती बहुसंख्य आहेत. तेथे उद्या कोणी इतरांच्या देवळांविषयी सार्वमत मागितले तर आपण काय म्हणणार, याचे उत्तर आपल्याजवळ आजच तयार असले पाहिजे.

बहुमत किती असावे, हाही एक प्रश्न. महाराष्ट्रात गावातील अथवा वॉर्डातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी स्त्रियांचे मतदान घेतले जाते. आडवी बाटली म्हणजे बंद, उभी बाटली म्हणजे चालू. त्यात आडव्या बाटलीला, आलेल्यांपैकी नव्हे, तर यादीतील एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांची मते लागतात. ही अट फार कडक आहे, मजुरीला गेलेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होते, अशी तक्रार कार्यकर्त्या करतात, आणि ती खरी आहे. दारूच्या दुकानाबाबत ही अट मला उफराटी वाटते. दुकान बंद करून पुन्हा उघडता येते, मोडलेला संसार तसा उघडत नाही. परंतु जे एकदा झाले की परतविता येत नाही, त्यासाठी यादीतील निम्म्यांची अट असावी. गोव्याला ती नव्हती. तेथे साध्या बहुमताने भागले याचे कारण असे की, जिंकलेली बाजू ‘आहे तसे राहू द्या’ म्हणणारी होती. निकाल उलटा लागता, आणि तोही अशाच थोडक्या फरकाने, तर पुन्हा विचार करण्यास जागा उरली नसती.

उतईहून फार दूर नसलेल्या गुंडरदेहीत जून २००८ मध्ये नगर पंचायतीच्या अध्यक्षाला मतदारांनी परत बोलाविले. नवागढ व राजपूर येथेही त्याच वेळी तसे झाले. भरलेली खुर्ची की रिकामी खुर्ची, असे त्या मतदानाचे स्वरूप. याला काही लोक सार्वमत म्हणतात. माझ्या मते ती निराळी वस्तू आहे. तो माणसाविषयीचा कौल आहे, प्रश्नाविषयीचा नव्हे; आणि त्याची सुरुवात तीन-चतुर्थांश नगरसेवकांच्या सह्यांनी होत असल्याने अनेकदा लोकांच्या नावाने नगरसेवकच आपला हिशेब चुकता करतात.

आपल्या घटनेत सार्वमताची तरतूद नाही. १९७८ मध्ये जनता पक्षाच्या सरकारने एक प्रयत्न केला होता : घटनेच्या मूलभूत स्वरूपात बदल करावयाचा झाल्यास लोकांची संमती घ्यावी असे कलम घटनादुरुस्ती विधेयकात होते, राज्यसभेने ते वगळले. आणीबाणीचा अनुभव ताजा असताना ते कलम आणले गेले आणि लोकांपासून सत्ता जपण्यासाठी नव्हे, तर सत्तेपासून घटना जपण्यासाठी आणले गेले, हे विसरू नये. लोकांना नकाराधिकार देणारे सार्वमत आणि नेत्याला जयजयकार मिळवून देणारे सार्वमत यांत फार अंतर आहे.

राहता राहिला बेळगावचा प्रश्न, जो कोणत्याही मराठी वाचकाच्या मनात येथवर येऊन गेलाच असेल. गोव्यात मतपेट्या ठेवण्याची तयारी चालली होती त्याच सुमारास, ऑक्टोबर १९६६ मध्ये, सीमाभागासाठी न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. १९६७ मध्ये एका प्रदेशाला लोकांनी उत्तर दिले, दुसऱ्याला एका व्यक्तीच्या अहवालाने. गोव्याचा निकाल हरलेल्यांनीही स्वीकारला. महाजन अहवाल महाराष्ट्राने नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आयोगाचे गणित चुकले की बरोबर होते, हा वाद मी येथे उकरीत नाही. ज्या माणसाला विचारलेच नाही त्याला ‘तू हरलास’ असे सांगता येत नाही, एवढे मात्र यातून दिसते. नागपुरात २०१३ मध्ये जनमंच या संस्थेने वेगळ्या विदर्भासाठी मतदान घेतले तेव्हा जवळजवळ सर्व मते एकाच बाजूला पडली. असे खाजगी मतदान भावना दाखविते, पण कौल ठरत नाही. कारण विरोधकाला तेथे येण्याचे काही कारणच नसते.

सीमाभागात सार्वमत घ्यावे काय? मी म्हणेन, घ्यावे. परंतु संपूर्ण तालुक्याचे एकगठ्ठा नव्हे. गाव हा घटक धरून, तेथे राहणाऱ्यांचे, आणि निकाल कोणताही लागो, हरलेल्या भाषेची शाळा, सातबारा आणि न्यायालयातील अर्ज त्याच भाषेत चालू राहतील असा कायदा दोन्ही राज्यांनी मतदानापूर्वी करून मगच. गोव्यात हे काम उलट्या क्रमाने झाले. तेथील राजभाषा कायदा कौलानंतर वीस वर्षांनी, फेब्रुवारी १९८७ मध्ये आला. कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या सरकारी वापराचीही सोय ठेवली गेली. त्यापूर्वी भाषेच्या आंदोलनात रस्त्यांवर माणसे मेली. बेळगावात असा कायदा अगोदर झाला, तर कित्येक गावांना मतपेटीची गरजच भासणार नाही, असेही होईल.